मास्तर कुठल्या लायब्ररीत बसतात

अक्काला पहिला संशय आला तो घशाच्या गोळ्यांमुळे.

मास्तरांची पँट धुवायला टाकण्याआधी तिने सवयीने खिसे चाचपले, तर आत गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी निघाली. पुदिन्याचा वास. तिने ती उलटसुलट करून पाहिली, नाकाशी नेली आणि बादलीपाशी तशीच उभी राहिली. निवृत्त झाल्यापासून मास्तर सकाळी नाश्ता करून निघत ते थेट विद्यापीठाच्या लायब्ररीत. निवृत्त शिक्षकांना तिथला पास मिळतो. लायब्ररीत तोंड मिटून बसायचं असतं, एवढं अक्कालाही कळत होतं. मग तोंड मिटून बसणाऱ्या माणसाचा घसा बसतो कशाने? आणि घसा बसला नसेल, तर तोंडाला हा पुदिन्याचा वास हवाय तरी कुणासाठी?

अक्काने उभी हयात कापडगिरणीत माग चालवण्यात घालवली होती. गिरणीतल्या बायका तिला अक्का म्हणायच्या. गिरणी बंद पडली तरी नाव राहिलं. मास्तर प्राथमिक शाळेत होते, त्यांचंही खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. दोघांचा संसार भांडत-तंडत, पण सरळ चालला होता. लपवाछपवी त्या घरात नव्हती. निदान अक्काला तसं वाटत होतं.

गोळ्या सापडल्यावर मात्र तिला एकेक गोष्ट आठवू लागली. निवृत्तीनंतर मास्तरांनी मिशी वाढवली होती. चांगली भरघोस, वरचा ओठ पार झाकून टाकणारी. या वयात मिशी? शर्टाला रोज इस्त्री हवी, बुटांना पॉलिश हवं. थर्मासमध्ये गरम पाणी भरून न्यायचे. फोन आला की गच्चीत जाऊन बोलायचे, आणि इतक्या हळू की दारामागे उभं राहूनही अक्षर कळू नये. घरातही तीच तऱ्हा. हल्ली ते तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे. "नीट बोला की," म्हटलं की एकदम ओरडायचे, आणि ओरडले की अक्काचे डोळे भरून यायचे. मुलगा आणि सून स्वयंपाकघरात काहीतरी बोलत असायचे, अक्का आत गेली की दोघंही गप्प.

परवा तर कमालच झाली. अक्का बाहेरच्या खोलीत केस विंचरत होती आणि आरशात तिला सुनेचा चेहरा दिसत होता. सून मास्तरांशी बोलत होती. मागांच्या खडखडाटात माणसाचा आवाज पोचत नाही, म्हणून तिथल्या बायका एकमेकींचे ओठ बघूनच बोलायच्या. अक्काची ती सवय अजून गेली नव्हती. सुनेचे ओठ तिने स्वच्छ वाचले: "आईंना एकदा डॉक्टरकडे न्यायलाच हवं." मास्तरांनी घाईघाईने हाताने खूण करून तिला गप्प केलं.

अक्काच्या मनात पाल चुकचुकली. आपण ठणठणीत आहोत. डॉक्टर कशाला?

तिने धाकट्या बहिणीला फोन लावला. बहिणीचं एक बरं होतं, ती खणखणीत बोलायची. बाकी सगळं जग हल्ली कुजबुजायला लागलं होतं.

"तुझे मास्तर आणि असलं काही? छे!" बहीण हसली. मग थोडं थांबून म्हणाली, "पण मिशी वाढवलीय म्हणतेस?"

"हो."

"आणि पुदिना?"

"हो ना."

बहीण आणखी थोडं थांबली. "मग असं कर, एकदा जाऊन बघून ये. घरात कुढत बसलीस तर रक्तदाब वाढेल, बाकी काही होणार नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तर बाहेर पडले तसं अक्काने सुनेला सांगितलं की दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येते, आणि मागच्याच बसने ती विद्यापीठाच्या फाटकाशी उतरली. आत ती कधीच गेली नव्हती. गाव वसवावं एवढा परिसर. सायकलवरून चाललेल्या एका मुलीला तिने थांबवलं.

"लायब्ररी कुठे गं?"

"कुठली, आजी?"

"कुठली म्हणजे?"

"इथे पुष्कळ आहेत. प्रत्येक विभागाची वेगळी."

अक्का मनातल्या मनात म्हणाली, घ्या! म्हणजे 'लायब्ररीत जातो' असं सांगून माणूस खोटं न बोलतासुद्धा हवा तिथे जाऊ शकतो.

मुख्य ग्रंथालय समोरच होतं. आत शिरायला लोखंडी फिरतं दार, त्याला पास दाखवला की ते गिरकी घेऊन एकाच माणसाला आत सोडी. अक्का अलीकडेच थांबली. पलीकडे उंच छताचा दिवाणखान्यासारखा हॉल, लांबलचक टेबलं, प्रत्येक टेबलावर हिरवा दिवा आणि दिव्याखाली एकेक वाकलेलं डोकं. काउंटरवरच्या मुलीला तिने मास्तरांचं वर्णन सांगितलं.

"मास्तर? ओळखते की!" मुलगी हसली. "आधी तिथे खिडकीशी पेपर वाचत बसायचे. हल्ली इथे नसतात. त्यांना ते काम मिळालं ना..."

एवढ्यात मागे छपाईचं यंत्र सुरू झालं. मुलगी वळली आणि यंत्रातले कागद गोळा करता करता पुढचं सगळं त्या यंत्रालाच सांगत बसली. अक्काला तिची वेणी तेवढी दिसत होती.

"कसलं काम?" मुलगी परत वळल्यावर अक्काने विचारलं.

"आत्ता सांगितलं की, आजी." मुलगी पुन्हा हसली. "कायद्याच्या लायब्ररीत बघा." तिने परिसराचा नकाशा काढून त्यावर पेनने बाण करून दिला.

अक्का नकाशा घेऊन बाहेर आली ती विचार करतच. नेमकं सांगायच्या वेळी हिने तोंड का फिरवलं? सांगायचं नव्हतं, तर तसं म्हणायचं. आणि निवृत्त माणसाला काम मिळालं, तर तो घरी पेढे नाही, निदान बातमी तरी आणतो. मास्तरांनी तेही आणलं नव्हतं.

कायद्याची लायब्ररी एका जुन्या दगडी इमारतीत, वरच्या मजल्यावर होती. भिंतभर पुस्तकं, सगळी एका रंगाची, एका उंचीची, शाळेच्या गणवेशात रांगेने उभी केल्यासारखी. काही विद्यार्थी उघड्या पुस्तकांवर गाल टेकून गाढ झोपले होते. दाराशी खुर्ची टाकून पहारेकरी मान खाली घालून नखं कापत होता.

"पांढरे केस, मोठी मिशी, हातात थर्मास," अक्काने सांगितलं. "इथे येतात का?"

"मास्तर होय! बाईंबरोबर येतात ते."

तो मान वर न करता बोलत होता, पण 'बाई' हा शब्द अक्काला बरोबर ऐकू आला.

"कुठल्या बाईंबरोबर?"

पहारेकऱ्याने आता वर पाहिलं. "त्या वकीलबाई नाहीत का, काळ्या चष्म्याच्या? मास्तरांचं कोपर धरून येतात आणि कोपर धरूनच जातात."

अक्का एक पाऊल पुढे आली. "कोपर धरून? सगळ्यांदेखत?"

पहारेकरी पुन्हा नखांकडे वळला आणि खाली बघतच काहीतरी म्हणाला. त्यातलं अक्काला इतकंच लागलं: "...संबंध आहेत ना."

"असं उघड?"

"त्यात लपवायचं काय, बाई?" तो म्हणाला. "इथे सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना! म्हणजे घरात बसलेली एक अक्काच तेवढी खुळी. तिने आत जाऊन पुस्तकं लावणाऱ्या बाईला विचारलं की मास्तर इथे येऊन वाचतात तरी काय.

"नुकसानभरपाईचे खटले," ती बाई म्हणाली. "कोणी कोणाला भरपाई द्यायची, किती द्यायची, कुठल्या कारणाने नाकारता येते. ढीगच्या ढीग काढून घेतात. आज मात्र मेडिकलच्या लायब्ररीत जायचं म्हणत होते."

अक्का जिना उतरू लागली. भरपाई कसली? पोटगीच ती. इतकी वर्षं एका ताटात जेवून माणूस वकीलबाईच्या मदतीने बायकोची पोटगी कशी नाकारता येईल ते शोधतोय!

या तंद्रीत ती भलत्याच इमारतीत शिरली. ती संगीत विभागाची लायब्ररी होती. तिथे पुस्तकं कमी आणि ऐकायची यंत्रं जास्त. "ऐकायला आलात? बसा ना," असं म्हणून तिथल्या मुलीने तिला खुर्ची दिली. पाय दुखत होतेच, अक्का बसली. मुलीने तिच्या कानांवर हेडफोन चढवले. आधी ढोलाचे खोल ठोके आले, छातीत बसतील असे. मग ठोके थांबले आणि सगळं गप्प झालं.

"बंद पडलं हे," अक्का म्हणाली.

मुलीने हेडफोन स्वतःच्या कानाला लावले, डोळे मिटले, मान डोलावली. "चाललंय की. बासरीचे अगदी वरचे सूर आहेत. किती गोड!"

पुन्हा अक्काच्या कानाला लावले. पुन्हा काही नाही. मुलगी तिच्याकडे टक लावून बघत होती, आणि शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थीही बघत होता. अक्का ताडकन उठली. आज काय सगळ्यांनी मिळून माझी गंमत करायची ठरवलीय?

मेडिकलची लायब्ररी थंडगार होती. फरशीला फिनेलचा वास, कोपऱ्यात काचेच्या पेटीत माणसाचा सांगाडा, आणि विद्यार्थी असे पळत होते की जणू पुस्तकाविना कुणीतरी दगावणार आहे. इथल्या ग्रंथपालाला सर्दी झाली होती, त्याने तोंडावर मास्क बांधला होता. अक्काने मास्तरांचं विचारताच त्याने मान हलवली, म्हणजे येऊन गेले होते. पण काय वाचत होते, हे विचारल्यावर मास्कमागून नुसती गुणगुण आली.

"काय म्हणालात?"

पुन्हा गुणगुण.

"अहो, जरा स्पष्ट बोला."

तिसऱ्यांदा त्याने बोलायचा नाद सोडला. बोट वर करून कानाशी नेलं आणि कानाभोवती गोल फिरवून दाखवलं. मग अक्काच्या हातातल्या नकाशावर पुढच्या लायब्ररीभोवती पेनने रिंगण काढलं.

अक्काला रिंगण दिसलंच नाही. तिला ते फिरणारं बोटच दिसत राहिलं. अशी खूण माणसं कधी करतात, हे कुणी तिला शिकवायची गरज नव्हती. डोकं फिरलंय. वेड लागलंय.

बाहेरच्या बाकावर ती बराच वेळ बसली. आता सगळं जुळत होतं, अगदी ताणा-बाणा जुळावा तसं. कायद्याच्या लायब्ररीत भरपाई नाकारायची कारणं. मेडिकलमध्ये वेड. आणि घरात सून म्हणतेय, आईंना डॉक्टरकडे न्यायलाच हवं. बायकोला वेडी ठरवायचं, मग वकीलबाईचं कोपर नि आपलं कोपर. मुलगा-सून सामील. तरीच मी आत गेले की सगळे गप्प होतात!

तिला रडू आलं नाही. तिने नकाशा उलगडला, रिंगण शोधलं आणि चालू लागली.

रिंगण वस्त्रतंत्र विभागाच्या लायब्ररीभोवती होतं. ती तळघरात होती. जिना उतरताच अक्का थबकली, कारण समोर तिचा मागच उभा होता. तिचा म्हणजे तसाच, जुन्या धाटणीचा, दोरीपलीकडे विद्यार्थ्यांना बघायला ठेवलेला. आडवा दोरा नेणारा धोटासुद्धा जागेवर होता. इतका गप्प माग तिने जन्मात पाहिला नव्हता. तिचा हात आपोआप पुढे गेला आणि दोरीशी थांबला.

मग तिला ते दोघे दिसले.

लायब्ररीच्या टोकाला काचेची एक लहान खोली होती. आत टेबलाच्या अलीकडे मास्तर, पलीकडे काळ्या चष्म्याची तरुण बाई. बाई हनुवटीखाली हात घेऊन मास्तरांच्या बाजूला झुकली होती, घरचं माणूस ऐकत नाही इतक्या तन्मयतेने ऐकत होती. मास्तरांनी पुस्तक तोंडासमोर धरलं होतं. त्यांचे गाल हलत होते, मिशी हलत होती, गळ्याची शीर फुगत होती. मध्येच थर्मासमधून घोटभर पाणी, एक गोळी तोंडात, की पुन्हा सुरू.

आवाज मात्र टाचणीएवढाही येत नव्हता. अक्का काचेच्या जवळ गेली. आणखी जवळ गेली. कुजबुज, नुसती कुजबुज. दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या बायकोला कळू नये अशी.

कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावला. कपाळावर चष्मा चढवलेला एक वयस्कर माणूस होता, इथला ग्रंथपाल. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मघापासून हाका मारतोय, बाई. आत जायचंय का?"

"हे दोघं आत काय कुजबुजतायत?" अक्काने विचारलं.

"कुजबुजतायत?" ग्रंथपालाला हसू फुटलं. "अहो, हा माणूस कुजबुजला असता तर बरं झालं असतं! त्यांच्या आवाजाने इथली मुलं हैराण झाली म्हणून त्यांना ही बंद खोली दिली. तरी काही फरक नाही. ऐका की. शाळेत प्रार्थना सांगितल्यासारखं वाचतायत."

अक्का त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. थट्टा करत असेल तर ओठांवर दिसतं. ओठांवर थट्टा नव्हती. तिने मागे वळून पाहिलं. जवळच्या टेबलावरची एक मुलगी काचेकडे वैतागून बघत होती. तिने कानात बोळे घातले, तरी भागलं नाही म्हणून वर हातही ठेवले.

अक्काने काचेवर तळवा टेकवला.

काच थरथरत होती. तिला ती थरथर ओळखीची होती. माग नीट चालतोय की नाही हे ती कानाने नाही, असं हात ठेवूनच बघायची. तळव्याखाली मास्तरांचा आवाज चढत होता, उतरत होता, वाक्य संपलं की थांबत होता. हाताला सगळं कळत होतं. कानाला काहीच नाही.

तिने दार ढकललं.

मास्तरांनी पुस्तक खाली केलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पलीकडच्या बाईने चेहरा वर केला. "कोण आलं?" ती म्हणाली आणि हात जोडले, ते अक्काच्या दिशेला नाही, रिकाम्या खुर्चीच्या दिशेला. टेबलाखाली तिच्या पायाशी घडी केलेली पांढरी काठी होती.

पहारेकरी काय म्हणाला होता, ते अक्काला आत्ता कळलं. तो 'अंध आहेत ना' म्हणाला होता. बाकीचं तिने स्वतःच जोडलं होतं.

"काय वाचताय?" तिने मास्तरांना विचारलं.

मास्तर काहीतरी पुटपुटले.

"मिशी बाजूला करून बोला!"

मास्तरांनी दोन बोटांनी मिशी वर उचलली. दुसरी वेळ असती तर अक्का हसली असती. "मागावर काम करणाऱ्या बायकांच्या कानांबद्दल," ते म्हणाले. "या वकीलबाई त्यावर प्रबंध लिहितायत. यांना मोठ्याने वाचून दाखवणारं कुणीतरी हवं होतं. मुख्य लायब्ररीत सूचना लावली होती. आवाज मोठा हवा, उच्चार स्पष्ट हवेत. म्हटलं, आपल्याला दुसरं येतं काय?"

"मग हे घरी का नाही सांगितलं?"

मास्तरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग पुन्हा मिशी उचलून म्हणाले, "सांगणारच होतो. पण पहिल्याच आठवड्यात वाचताना लक्षात आलं, हे सगळं तुझ्याबद्दलच लिहिलंय. टीव्ही बिघडलाय म्हणून तू दोनदा माणूस बोलावलास. दाराची बेल नवी बसवलीस. आम्ही पुटपुटतो म्हणतेस. एकदा सुचवून पाहिलं, तर 'मी बहिरी का?' म्हणून दोन दिवस जेवली नाहीस. मग पुढे धीरच झाला नाही."

"आणि पोरांना सांगितलंत."

"हो."

"आणि हिला?"

 उत्तर वकीलबाईने दिलं. "मला त्यांनी सांगितलं, मावशी. नाव नाही सांगितलं, पण ते कुणाबद्दल बोलतायत ते मला कळलं."

"म्हणजे कुजबुज खरीच होती," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला होता, पण किती चढला होता हे तिला कळत नव्हतं. काचेबाहेरची सगळी डोकी वर झाली. "माझ्या पाठीमागे बोलत होतात, हे खरंच होतं. मला वाटलं मलाच वेड लागलं. मुलगा, सून, ही परकी बाई, सगळ्यांना माझे कान माहीत. एक मी सोडून!"

वकीलबाई उठली, टेबलाच्या कडेने चाचपत आली आणि तिने अक्काचा हात शोधला. अक्काने तो हिसडून घेतला.

"माझी आई मागावर होती," वकीलबाई तिच्या चेहऱ्याच्या अंदाजाने तोंड करून सावकाश म्हणाली. "तिला ऐकू येईना, मला दिसत नाही. ती माझे ओठ वाचायची आणि मी बोलायची. पण अंधार पडला की तिला ओठ दिसायचे नाहीत. मग मी तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायची. तीसुद्धा शेवटपर्यंत म्हणायची, माझे कान चांगले आहेत, लोकच नीट बोलत नाहीत."

 अक्का दार ढकलून बाहेर पडली. मास्तर थर्मास विसरून मागे धावले. बसमध्ये दोघं शेजारी बसले, पण अक्काने खिडकीबाहेर बघायचं थांबवलं नाही.

घरात अबोला सुरू झाला. सुनेने माफी मागितली, तिच्याशी अक्का दुसऱ्या दिवशी बोलली. मुलाशी तिसऱ्या दिवशी. मास्तरांशी मात्र नाही. रागाचं कारण तिने बहिणीला सांगितलं, "कान गेले त्याचं मी बघून घेईन. पण माझी गोष्ट माझ्या नवऱ्याने आधी परक्याला सांगावी?" बहीण म्हणाली, "एक विचारू? मी तुझ्याशी एवढं ओरडून का बोलते, असं तुला कधी वाटलं नाही?" अक्काने फोन ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. तिने वर पाहिलं आणि क्षणभर ओळखलंच नाही. मास्तरांनी मिशी काढली होती. तिथली कातडी कोवळी, पांढुरकी दिसत होती आणि एके ठिकाणी वस्तरा लागून रक्ताचा ठिपका आला होता.

मास्तर बोलले. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, गिरणीतल्या बायका बोलायच्या तसे. "सगळ्यांत आधी तुला सांगायला हवं होतं. मी घाबरलो. चुकलं माझं."

अक्काला अक्षर न् अक्षर कळलं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच या माणसाचं बोलणं मिशी न उचलता तिच्यापर्यंत पोचलं होतं. तिने हातातला टॉवेल बाजूला ठेवला.

"आता कळतंय," ती म्हणाली. "बोला अजून."

कानांच्या डॉक्टरकडे ती मास्तरांबरोबर गेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बारीक, वरचे आवाज गेले आहेत, खालचे शिल्लक आहेत. गेलेले परत येणार नाहीत, पण यंत्राने बरंच भागेल. यंत्र लावून घरी येताना अक्काला वाटेतली प्रत्येक गोष्ट ओरडतेय असं वाटलं. स्वतःच्या चपलांचासुद्धा राग आला. रात्री जेवताना तिने सुनेला विचारलं, "तू अशी चमचा आपटून का जेवतेस?" आणि सुनेला हसावं की रडावं ते कळेना.

वकीलबाईकडे ती आपणहून गेली. तोवर तिच्या डोक्यात एक विचार घोळू लागला होता. तिने जुन्या मैत्रिणींच्या घरी चकरा मारायला सुरुवात केली. जाऊन आधी पाठमोरी बसायची आणि हळूच काहीतरी विचारायची. उत्तर आलं नाही की वळून म्हणायची, "कान कसे आहेत तुझे?"

"उत्तम," एकजण म्हणाली. "सूनच मेली तोंडात बोलते."

"माझा मुलगा फोनवर कुजबुजतो," दुसरी म्हणाली. "घर विकायला काढलंय वाटतं."

तिसरी तर शेजारणीशी दोन वर्षं भांडण धरून बसली होती, कारण ती म्हणे पाठीमागून नावं ठेवते. अक्काने त्यांच्याशी वाद घातला नाही. नुसतं म्हणाली, माझ्याबरोबर एका ठिकाणी चला.

वकीलबाईला आता बायकांच्या कानांच्या भरपाईसाठी बंद पडलेल्या गिरणीच्या मालकांवर दावा लावायचा होता. त्यासाठी बायकांच्या तोंडून ऐकायला हवं होतं, एकीचं नव्हे, अनेकींचं. भेट वस्त्रतंत्र विभागाच्या लायब्ररीतच ठरली. काचेच्या खोलीत सगळ्या मावेनात म्हणून ग्रंथपालाने मोठं टेबल मोकळं करून दिलं. बायका आल्या, दोरीपलीकडचा माग बघितला आणि त्यांचा जो बांध फुटला तो फुटलाच. कुणाच्या मागाला कुठली खोड होती, कोण मुकादमाच्या नकला करायची, कुणाचं बोट कसं गेलं. सगळ्या एकदम बोलत होत्या. मास्तर एकेकीसमोर बसून प्रश्न विचारत होते, ओठ दिसतील असे, मोठ्याने. वकीलबाई मधे बसून ऐकत होती, आणि एका म्हातारीने तर बोलता बोलता तिचा हात हातात घेऊन ठेवला होता.

अखेर ग्रंथपाल कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून टेबलापाशी आला. "बायांनो," तो विनवणीच्या सुरात म्हणाला, "जरा हळू. लायब्ररी आहे ही."

एकीनेही मान वर केली नाही. वकीलबाईने हसू दाबलं. अक्काला त्याचं बोलणं मात्र अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं. तिने ग्रंथपालाकडे बघून मान हलवली, आणि मैत्रिणींना काहीच सांगितलं नाही.